पायलटचं म्हणून आलेलं जॅकेट: कामाची वही

२१ सप्टेंबर

धाकटे भाऊजी आज बेळगावच्या कॅम्पातल्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून चामड्याचं जॅकेट घेऊन आले. अठराशे रुपये दिले. दुकानदारानं त्यांना सांगितलं म्हणे, ब्रिटिश पायलटचं आहे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं, सांबऱ्याच्या विमानतळावरून बाहेर पडलेलं. भाऊजींचा चेहरा इतका खुलला होता की मी लगेच काही बोलले नाही. "वहिनी, थंडीच्या आत घालण्यासारखं करून द्या की," एवढंच ते म्हणाले.

पिशवी उघडली तशी कुबट वासाची लाट आली. सासूबाई म्हणाल्या, चामड्याचं काम देवघराच्या बाजूला नको. ते योग्यच आहे, शिवाय यातली बुरशी गिऱ्हाइकांच्या ब्लाउजपिसांना लागली तर मला भरून द्यावं लागेल. मागच्या पडवीत दोरीवर टांगलं. वीस वर्षं कापड शिवतेय, पण बॅगांच्या चेनी बदलण्यापलीकडे चामड्याला हात लावलेला नाही. म्हणून ही वही. ज्या दिवशी जॅकेटला हात लावीन त्या दिवशी लिहायचं.

आज फक्त पाहिलं. रंग तपकिरी, लांबी कमरेपर्यंत. मनगटाला आणि कमरेला विणलेल्या पट्ट्या, दोन्हींना कसर लागलेली. पुढची चेन वर सरकते, पण खालच्या डबीत पिन बसत नाही, डबीच फुटली आहे. डाव्या कोपरावर काटकोनात फाटलंय, एक बाजू साडेचार सेंटिमीटर, दुसरी तीन. कॉलरच्या कडेला रंग उडालाय. उजव्या खिशाचं अस्तर खाली सुटलंय. पाठीवर आणि बगलेत पांढरट थर.

२२ सप्टेंबर

पांढरं दिसलं की आपण बुरशी म्हणून मोकळे होतो. चामड्यात दोन प्रकारचं पांढरं येतं. एक बुरशी, दुसरी चामड्यातलीच चरबी, जी वर येऊन गोठते. ओळखायला सोपं आहे. केस वाळवायचं मशीन कमी गरमीवर, वीतभर लांबून फिरवलं. पाठीवरचा थर अर्ध्या मिनिटात दिसेनासा झाला, म्हणजे ती चरबी होती, वितळून परत आत गेली. बगलेतला तसाच राहिला, वर बारीक केसाळ. ती बुरशी.

अंगणात नेऊन, तोंडाला मास्क बांधून मऊ ब्रशनं झाडलं. घरात झाडायचं नाही, बीजाणू घरभर होतात. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं निम्मं घेऊन फडकं भिजवून घट्ट पिळलं आणि त्यानं बगल पुसली. आधी कॉलरच्या खालच्या बाजूला नखाएवढ्या जागेवर लावून पाहिलं होतं. फडक्यावर किंचित तपकिरी आलं, म्हणून अल्कोहोल बगलेपुरतंच ठेवलं. बाकीकडे नाही.

सावलीत, वाऱ्यावर सहा दिवस.

२८ सप्टेंबर

रविवार. भाऊजींना सुट्टी. दोघं भिंग घेऊन पडवीत बसलो. जुना कपडा उसवण्याआधी वाचून घ्यावा लागतो, एकदा टाका निघाला की त्याची साक्ष गेली. आज ब्लेडला हात लावायचा नाही असं मी आधीच सांगितलं होतं.

दुकानदाराची गोष्ट अगदी हवेतली नाही. सांबऱ्याची धावपट्टी १९४२ साली रॉयल एअर फोर्सनंच बांधली आणि युद्ध चालू असताना तिथं प्रशिक्षण चालायचं. तेव्हा गोष्ट तपासायला हवी, झटकून टाकायला नको.

पहिल्यांदा चेन. रनर उलटा केला, वर अक्षरं: वायकेके. ही जपानी कंपनी, १९३४ साली टोकियोत सुरू झालेली. त्या लढाईत जपान ब्रिटनचा शत्रू होता. ब्रिटिश वैमानिकाच्या जॅकेटला जपानी चेन कुठून येणार? भाऊजी म्हणाले, "चेन मागाहून बदलली असली तर?" शंका रास्त होती. म्हणून चेनीच्या कडेची शिलाई भिंगाखाली धरली. कापडाचं भोक धुतल्यावर बुजतं, चामड्याचं कधीच बुजत नाही. चेन बदललेली असती तर जुन्या भोकांची दुसरी ओळ दिसली असती. इथं एकच ओळ, एकच दोरा, खांद्याच्या शिलाईला आहे तोच. चेन पहिल्यापासूनची आहे.

मग दोरा. कमरपट्टीतून लोंबणारा बोटभर तुकडा चिमट्यात धरून काडी लावली. सुताचा असता तर कागदासारखा जळून राख झाला असता. हा आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा कडक मणी झाला. पॉलिस्टर. त्याचा शोध १९४१ चा, पण शिलाईच्या दोऱ्यात तो आला पुढच्या दशकात.

धाटणीही वेगळीच बोलते. ब्रिटिश वैमानिकांचं प्रसिद्ध आयर्विन जॅकेट मेंढीच्या कातड्याचं, लोकर आतल्या बाजूला ठेवून शिवलेलं, जाडजूड. हे त्या वळणाचं नाही. हे वळण अमेरिकेच्या ए-२ चं आहे. अमेरिकी लष्कराच्या हवाई दलानं ते १९३१ साली स्वीकारलं: बटणानं खाली बसणारी कॉलर, विणलेलं मनगट आणि कंबर, झाकणाचे दोन खिसे. पण खऱ्या ए-२ च्या खिशाला बाजूनं हात घालायची सोय नसते आणि आत केसाळ अस्तर नसतं. इथं दोन्ही आहेत. म्हणजे सैन्याच्या जॅकेटावरून बाजारासाठी बेतलेलं.

गळ्यातलं कंपनीचं लेबल कुणीतरी कापून काढलंय, चार कोपऱ्यांचे टाके तेवढे उरलेत. पण आतल्या खिशाखाली बोटभर लांबीचं दुसरं लेबल सापडलं आणि मला फार आनंद झाला. त्यावर तीन गोष्टी वाचता आल्या. केसाळ अस्तर शंभर टक्के ॲक्रिलिक. बनावट कोरियातली. आणि आरएन म्हणून पाच आकडी क्रमांक, पहिले तीन आकडे ४१३, शेवटचे दोन घासून गेलेले.

हा आरएन म्हणजे अमेरिकेच्या व्यापार आयोगाकडे झालेली कंपनीची नोंद. जुने कपडे जमवणारे त्यावरून वर्षाचा ठोकताळा बांधतात: क्रमांकातून १३६७० वजा करा, २६३५ नं भागा, १९५९ मिळवा. मी ४१३०० धरून पाटीवर केलं. साडेदहा आले, म्हणजे १९६९ चा मध्य. भाऊजी म्हणाले, शेवटचे दोन आकडे नाहीत, मग हिशेब कसा धरायचा? ००ऐवजी ९९ धरून पुन्हा केलं. फरक पडला चौदा दिवसांचा. घासलेल्या आकड्यांनी काही अडत नाही. मात्र हे कंपनीच्या नोंदणीचं वर्ष आहे, जॅकेटचं नव्हे. जॅकेट त्यानंतरचं, एवढंच यातून कळतं.

शेवटी चामडं. भिंगाखाली डुकराच्या चामड्यावर रंध्रं तीन-तीनच्या त्रिकोणात दिसतात, शेळीच्या चामड्यावर जाड-बारीक रंध्रांच्या वळणदार ओळी. इथं बारीक रंध्रं सगळीकडे सारखी विखुरलेली. गुराचं चामडं, आणि चांगलं जाड.

भाऊजी बराच वेळ गप्प होते. अठराशेत असलं चामडं मिळत नाही हे मी त्यांना सांगितलं, पण त्यांना पैशाचं वाईट वाटत नव्हतं. त्यांनी चार दिवस त्या पायलटला मनात धरलं होतं.

१२ ऑक्टोबर

दसरा झाला, दिवाळीचे ब्लाउज सुरू झाले. तरी आज सकाळी दोन तास काढले.

खांद्यावर पाण्याचा एक थेंब ठेवला. मिनिटभर तसाच गोल बसला, खाली डाग नाही. म्हणजे चामड्यावर रंगाचा थर आहे, नुसतं रंगात मुरवलेलं नाही. कॉलरच्या कडेला ठेवलेला थेंब मात्र लगेच शोषला आणि तिथं काळसर झालं, तिथला थर गेलाय. हे कळल्याशिवाय ओलं फडकं फिरवू नये.

चामडं जातीनं आंबट असतं, कपड्याचा साबण त्याच्या उलट. साबणानं मळ निघतो आणि चामडं कोरडं पडून तडकतं. चामड्यासाठीचं सौम्य क्लीनर फेस करून घेतलं, फेसच लावला, पाणी नाही. फडकं काळं निघालं. पुन्हा काळं. तिसऱ्यांदाही काळं. मग लक्षात आलं की तो मळ नाही, कुणीतरी वर्षानुवर्षं काळं बूटपॉलिश चोळलंय. म्हणूनच ते इतकं जुनं, लढाईतलं दिसत होतं. पाच हात फेस लागला तेव्हा खालचा खरा रंग वर आला: चिंचेच्या गराला असतो तसा, लालसर तपकिरी. भाऊजींना दाखवायला फोनवर फोटो पाठवला. "हे तेच काय?" असं त्यांनी विचारलं.

१४ ऑक्टोबर

अस्तर कमरेच्या बाजूनं वीतभर उसवलं. आत हात घातला तर खांद्याकडून पिवळी चिकट भुकटी खाली आली. खांद्याच्या फोमच्या गाद्या होत्या, हात लावताच मेल्या. असला फोम दमट हवेत पाणी शोषून आतून तुटत जातो आणि शेवटी त्याची पूड होते, आमच्याकडच्या पावसात तर लवकरच. सगळी भुकटी ओल्या फडक्यानं टिपून काढली, चामड्याच्या उलट बाजूलाही चिकटली होती.

पण त्या गाद्यांनी वर्ष जवळ आणून दिलं. एवढे जाड, रुंद खांदे ऐंशीच्या दशकातली फॅशन. आरएनवरून सत्तरच्या पुढचं, खांद्यांवरून ऐंशीच्या दशकातलं. माझा कौल तिथं आहे.

आणि एक. उजव्या खिशाच्या भोकातून अस्तरात घसरलेला कागद मिळाला. बसचं तिकीट, बोटाच्या पेरांएवढं, विड्याच्या पानासारखं चुरगळलेलं. आकडे पूर्ण उडालेत, पण वर ‘कदंब’ वाचता येतं. गोव्याची सरकारी बस, जी १९८० पासून आहे. म्हणजे हे जॅकेट कधीतरी गोव्यात कुणाच्या तरी अंगावर होतं. बोटीवर नोकरी करणाऱ्या कुणी परदेशातून आणलं असेल असं मला वाटतं, गोव्याच्या किती घरांतून बोटीवरची माणसं आहेत. पण तिकिटावर ते लिहिलेलं नाही, म्हणून ही माझी समजूत समजायची.

तिकीट काचेच्या दोन तुकड्यांत ठेवलं.

२९ ऑक्टोबर

दिवाळी संपली. अथणीला जाऊन आले. बसचा चारेक तासांचा रस्ता, वाटेत चिकोडीत माहेरी चहा घेतला. माहेरच्या ओळखीचे एक चप्पल करणारे काका अथणीत आहेत, सत्तरीच्या पुढचे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जी भौगोलिक मानांकनाची नोंद मिळाली ती महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे आणि त्यात आपला बेळगाव जिल्हा आहे. नाव कोल्हापूरचं, पण जोड कितीतरी अथणी-निपाणीकडच्या हातांतून निघतात. त्या हातांना विचारल्याशिवाय कोपराला हात लावायचा नाही असं मी ठरवलं होतं.

काकांनी जॅकेट मांडीवर घेतलं, बाही उलटी केली, अंगठ्यानं चामडं ताणून सोडलं. "हे आमचं नव्हं, पोरी," म्हणाले. मग शिलाईच्या आतली जादा कड रापीनं केसाएवढी कापली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "नोडु, कड बघ." वरून तपकिरी, पण कापलेल्या कडेत मध्ये निळसर करडा रंग. शेजारी त्यांनी आपल्या चपलेच्या तळाची कात्रण ठेवली, ती आरपार बिस्किटासारखी तांबूस. त्यांचं चामडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं, जॅकेटचं क्रोममध्ये, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत.

मला वाटलं संपलं. पण काकांनी चुलीवरच्या पातेल्याकडे बोट केलं. पाणी उकळत होतं. दोन्ही कात्रणं दोऱ्याला बांधून आत सोडली. त्यांचं चामडं डोळ्यांदेखत वळलं, आखडलं, लोखंडासारखं कडक झालं आणि निम्म्यावर आलं. जॅकेटचं तसंच तरंगत राहिलं, बाहेर काढलं तर मऊ आणि तेवढंच लांब. सालीत कमावलेलं चामडं ऐंशी अंशांच्या आसपासच आखडतं, क्रोमचं उकळी सोसतं. मी हे कुठेतरी वाचलं असतं तर विसरले असते. आता विसरणार नाही.

याचा उपयोग कोपराला झाला. मी त्यांच्याकडूनच ठिगळाला तुकडा मागणार होते. काका नको म्हणाले. त्यांचं चामडं ताठ, जॅकेटचं लवचिक. हात वाकवला की दोन्ही वेगवेगळे ओढणार आणि फाट पुढे जाणार. "त्याचंच त्याला लाव की." पुढच्या पट्टीच्या आत, अस्तराखाली चामड्याचा हातभर जादा पट्टा दुमडलेला असतो. त्यातला सात बाय सहाचा तुकडा काढायचा आणि तिथं दणकट कापड भरायचं.

तुकडा त्यांनीच काढून दिला आणि त्याच्या कडा सोलल्या. दगडावर चामडं उलटं, डाव्या हाताची तीन बोटं त्यावर, रापी जवळजवळ आडवी. प्रत्येक फटक्याला पारदर्शक ढलपी उठत होती, लसणाच्या सालीसारखी. शेवटी कडा इतक्या पातळ झाल्या की बोट फिरवलं तर तुकडा कुठे संपतो आणि दगड कुठे सुरू होतो ते कळेना. ठिगळ लावायला जाड कड ठेवली तर वरून त्याचा चौकोन उमटतो, म्हणून हे.

तेलाचं विचारलं. खोबरेल लावू का? काका म्हणाले, "तेल दाखवायचं, पाजायचं नाही." पैसे घेतले नाहीत. चिवड्याचा डबा नेला होता, तो ठेवून आले.

१ नोव्हेंबर

आज कर्नाटकाचा राज्योत्सव आणि इथल्या मराठी माणसांचा काळा दिवस, बेळगावात बाजाराला जायचा दिवस नव्हे. घरीच कोपर केलं.

बाहीचं अस्तर मनगटाकडून उसवून बाही उलटी केली. फाटीच्या कडा आतून अल्कोहोलच्या फडक्यानं पुसल्या, नाहीतर जुन्या चरबीवर चिकट धरत नाही. ठिगळाला आणि बाहीला दोन्हींकडे सोल्युशनचा पातळ हात, दहा मिनिटं वाळू दिलं. बोटाला चिकटेनासं झालं की मगच जोडायचं. ओलं असताना जोडणं ही सगळ्यांत मोठी चूक. फाटीच्या कडा समोरून चिमट्यानं एकमेकींना भिडवत भिडवत मागून दाबलं. त्यावर पाटा-वरवंट्यातला वरवंटा, खाली सुती कापड, रात्रभर.

टाका घातलेला नाही. कोपरावर टाका म्हणजे भोकांची ओळ आणि पुढच्या वेळी तिथूनच फाटणार.

४ नोव्हेंबर

गणपत गल्लीत चेन पाहिली. धातूच्या दातांची, पाच नंबर, खाली सुटणारी, छप्पन सेंटिमीटर. नायलॉनची सगळीकडे आहे, धातूची मागवावी लागली. जुन्या चेनीची फक्त डबी फुटलीय, दात शाबूत आहेत, तिला काढून टाकताना जिवावर आलं. पण डबीची दुरुस्ती टिकत नाही आणि मोटारसायकलवर चेन उघडली तर उपयोग नाही.

९ नोव्हेंबर

आजचा दिवस वाईट गेला, आणि चूक माझी आहे.

जुनी चेन काढणं नीट झालं. एकेक टाका ब्लेडनं कापून, दोऱ्याचे तुकडे चिमट्यानं उचलून. नवी चेन कपड्याच्या चापांनी धरली, कारण टाचणी लावली तर तिचंही भोक राहतं. मशीनला चामड्याची धारेच्या टोकाची सुई लावली, टाका चार मिलिमीटर. बारीक टाक्यानं चामडं तिकिटाच्या कडेसारखं सच्छिद्र होऊन तुटतं. उजवी बाजू छान उतरली.

डाव्या बाजूला कमरेजवळ जाड जोड आहे, चार पदर. तिथं मशीनचं फूट अडकलं. मी हातानं चाक फिरवून एकेक टाका काढायला हवा होता, तसं न करता पायानं ढकललं. चामडं मागे राहिलं, सुई पुढे गेली. ओळीच्या बाहेर दोन मिलिमीटरवर अकरा भोकं. मोजली.

उसवलं. जुन्याच भोकांतून, हातानं, मेण लावलेल्या दोऱ्यानं, दोन सुयांचा टाका घालून तेवढा भाग पुरा केला. एका भोकातून दोन्ही बाजूंनी सुया जातात, त्यामुळे एक धागा तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. दहा सेंटिमीटरला पाऊण तास लागला. अकरा भोकं तिथंच आहेत, मेणानं भरली तरी तिरक्या उजेडात दिसतात. भाऊजींना आधीच दाखवली. ते म्हणाले, "राहू देत की, वहिनी." पण मला ती दिसत राहणार. पुढे जाड जोडावर फुटाखाली टेफ्लॉनचा तुकडा आणि हातानं चाक, याशिवाय शिवायचं नाही.

१६ नोव्हेंबर

वडगावात मशीनवर शाळेचे स्वेटर विणणाऱ्या एक बाई आहेत. त्यांच्याकडून दोन सुलट दोन उलट विणीची पट्टी करून आणली, गडद तपकिरी. पट्टी चामड्याएवढी कापली तर ती लोंबते. कमरेला चामडं शहाण्णव सेंटिमीटर आहे, पट्टी शहात्तर घेतली. चार ठिकाणी खुणा करून, पट्टी ताणत ताणत भिडवली. मनगटाचंही त्याच हिशेबानं. जुन्या पट्ट्या नमुना म्हणून ठेवल्यात.

खिशाचं अस्तर खादीच्या कापडाचं नवं लावलं. खांद्यात आता गाद्या नाहीत, त्याऐवजी कॅनव्हासचा एकच पातळ थर. खांदा थोडा उतरला, भाऊजींना तसाच बरा दिसतो.

२३ नोव्हेंबर

कोल्हापूरला चप्पल लाइनजवळच्या दुकानातून चामड्याचा पाण्यातला रंग आणला होता. तपकिरीत थेंबभर लाल, त्यात काडीच्या टोकावर येईल एवढा काळा. ओला रंग फिका दिसतो आणि वाळून गडद होतो, म्हणून प्रत्येक मिश्रण जुन्या कात्रणावर लावून, वाळवून, उन्हात नेऊन जुळवलं. सात वेळा.

कोपराच्या फाटीवर आधी चामड्याची लांबी, म्हणजे भेगा भरायची लुकण, लावली, पातळ, तीन हात, मध्ये बारीक कागदानं घासून. मग रंग स्पंजनं, टिपल्यासारखा, पुसल्यासारखा नव्हे. कॉलरची कड आणि कोपर एवढंच. पूर्ण जॅकेट रंगवलं असतं तर एका दिवसात नवं दिसलं असतं, पण मग बाहीच्या वळ्यांत आणि खिशाच्या तोंडाशी जो झिजेचा उजळ रंग आहे तो गेला असता. चाळीसेक वर्षं लागलीत तो यायला. तो झाकायचा मला अधिकार नाही असं वाटलं.

कोपराची फाट हाताच्या अंतरावरून दिसत नाही. बोटाला कळते.

३० नोव्हेंबर

शेजारच्या काकूंनी, सासूबाईंनी आणि दूधवाल्यानंही खोबरेल लावायला सांगितलं. लावलं नाही. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांखाली गोठतं. आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटे बाटलीत जे होतं तेच चामड्याच्या आत होणार. वर ते कालांतरानं खवट होतं आणि पावसाळ्यात बुरशीला खाऊ मिळतो.

लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतली चरबी, आणि मधमाशीचं मेण असलेलं क्रीम घेतलं. चण्याएवढं फडक्यावर, एका बाहीला तेवढंच. चोवीस तास ठेवून सुकं फडकं. काकांचं वाक्य आठवत होतं. दुसरा हात फक्त कोपरांच्या वळ्यांना आणि कॉलरला.

७ डिसेंबर

भाऊजी काल पहाटे जॅकेट घालून चोर्ला घाटानं गोव्याला जाऊन आले. येताना खूश होते. चेन दोन्ही वेळा नीट लागली, वारा आत आला नाही, कमरेची पट्टी बसली तर वर सरकली नाही. डाव्या बगलेत थोडं ताठ वाटतं म्हणाले, तिथं बुरशी होती तीच जागा. क्रीमचा आणखी एक हात देईन.

तिथं कुणीतरी विचारलं म्हणे, कुठलं हो जॅकेट? भाऊजींनी सांगितलं: कोरियात शिवलेलं, अमेरिकेच्या बाजाराचं, गोव्यात वापरलेलं, बेळगावात दुरुस्त केलेलं. मला हे सांगताना पायलटचं नाव त्यांनी काढलं नाही.

ठेवण्याचं: रुंद खांद्याच्या लाकडी हँगरवर, वरून जुन्या सुती साडीचं आवरण, प्लास्टिकचं अजिबात नाही. मे संपायच्या आत एकदा वाऱ्यावर, मग पावसाळाभर दर पंधरा दिवसांनी बगल पाहायची.

काचेतलं तिकीट त्यांना परत दिलं. आणि आतल्या खिशाखाली, जुन्या लेबलाच्या शेजारी, पांढऱ्या फितीवर न पुसणाऱ्या शाईनं लिहून चार टाके घातले. यापुढे ज्याच्या हातात हे उसवायला येईल त्याला अंदाज बांधत बसायला नको:

"गुराचं चामडं, क्रोम. चेन बदलली. कंबर-मनगट पट्ट्या नव्या. डावं कोपर आतून ठिगळ, चिकटवलेलं, टाका नाही, इथं इस्त्री लावू नये. डावी कड कमरेजवळ अकरा जादा भोकं, माझी. खांद्यातल्या गाद्या काढल्या. अनगोळ, बेळगाव."